थंड रंग

अस्मिता: मग त्याला काय सांगू, बाबा? येऊ दे वर की नको? तो शंभू एसी घेऊन खाली पार्किंगमध्ये उभा आहे.

गोपाळकृष्ण: उभा राहू दे. पार्किंगमध्ये सावली आहे.

अस्मिता: हो ना. सावली पार्किंगमध्ये आहे आणि आई पाचव्या मजल्यावर, थेट गच्चीखाली.

गोपाळकृष्ण: आवाज कमी कर. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

अस्मिता: डोळा लागलेला नाही, घामानं मिटलाय. मी आत्ताच आत जाऊन आले. उशी पिळून वाळत घालावी इतकी ओली आहे. अजून दुपार व्हायचीय आणि भिंतीला हात लावला तर पोळतो.

गोपाळकृष्ण: एप्रिल आहे. एप्रिलमध्ये भिंती तापतात. माझ्या लहानपणीही तापायच्या.

अस्मिता: तुमच्या लहानपणी तुम्ही कसबा पेठेत तळमजल्यावर राहत होता. हातभर जाड भिंती, वर दोन मजले, समोर पिंपळ. ही धायरी आहे. वर स्लॅब, स्लॅबच्या वर सूर्य. मधे काही नाही.

गोपाळकृष्ण: मधे वातावरण आहे.

अस्मिता: बाबा, परवा आई भर रस्त्यात चक्कर येऊन पडली. सलाइन लावावं लागलं. काल संध्याकाळी घरी सोडताना डॉक्टर काय म्हणाले, तुमच्यासमोर म्हणाले.

गोपाळकृष्ण: 'थंड ठेवा' म्हणाले. 'एसी लावा' असं म्हणाले नाहीत. मी नीट ऐकलंय.

अस्मिता: मग कसं ठेवायचं थंड? माठात?

गोपाळकृष्ण: वाळ्याचे पडदे आहेत. पंखा आहे. ताक आहे, कोकम आहे. आणि हे पुणं आहे, अस्मिता. साडेपाचशे मीटर उंचीवर. मी चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय. पुण्यात एसी ही बाहेरून आलेल्या लोकांनी लावलेली सवय आहे. पुणेकराला पंखा पुरतो, आणि तोसुद्धा मे महिन्यात.

अस्मिता: ही उंची आईला सांगून ठेवायला हवी होती. परवा रस्त्यात उपयोगी पडली असती.

गोपाळकृष्ण: हा विनोदाचा विषय नाही.

अस्मिता: नाहीच. बरं, आई पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?

गोपाळकृष्ण: तुला माहीत आहे. कोथरूडला, ज्येष्ठ नागरिक संघात. व्याख्यान होतं.

अस्मिता: विषय?

गोपाळकृष्ण: विषयाचा काय संबंध?

अस्मिता: सांगा तर.

गोपाळकृष्ण: 'तापणारी पृथ्वी आणि आपण.'

अस्मिता: वा. मी दवाखान्यातून सारखे फोन करत होते. तुमचा फोन बंद.

गोपाळकृष्ण: व्याख्यानाच्या वेळी बंदच असतो. श्रोत्यांनाही बंद करायला लावतो.

अस्मिता: हॉलमध्ये एसी होता?

गोपाळकृष्ण: हॉल त्यांचा आहे. त्यात काय असावं हे मी ठरवत नाही. उलट मी सुरुवातीलाच सांगून तो सव्वीसवर ठेवायला लावला. त्याआधी अठरावर होता, लोक मफलर गुंडाळून बसले होते.

अस्मिता: म्हणजे तुम्हाला एसी सव्वीसवर चालतो.

गोपाळकृष्ण: मला चालतो असं नाही. मी तिथे नुकसान कमी केलं.

अस्मिता: मग इथे पण करा ना. सव्वीसवर ठेवा. सत्तावीसवर ठेवा. शंभूला सांगते, बटण तिथेच चिकटवून टाक.

गोपाळकृष्ण: मुद्दा बटणाचा नाही. हा डबा खोलीतली उष्णता उचलतो आणि खिडकीबाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे? खालच्या जयाबाईंच्या खिडकीवर. मग त्या लावतात. त्यांची हवा त्यांच्या खालच्यांवर. सगळी इमारत एकमेकांच्या तोंडावर गरम फुंकर मारत बसते, आणि त्यासाठी कुठेतरी कोळसा जळतो. मी हेच गेली अकरा वर्षं गावोगाव सांगतोय. उद्या माझ्या घराच्या भिंतीवर तो डबा लटकलेला लोकांनी पाहिला तर?

अस्मिता: लोकांनी पाहिला तर. हां. आता आलात मुद्द्यावर.

गोपाळकृष्ण: सांगणारा एक आणि करणारा दुसरा, असं नको एवढंच माझं म्हणणं आहे.

अस्मिता: पण तुमच्या घरात तेच चाललंय, बाबा! सांगणारे तुम्ही, करणारी आई. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवते कोण? भाजीच्या देठांचं खत कोण ढवळतं? आंघोळीचं पाणी बादलीनं गॅलरीतल्या झाडांना कोण नेतं? कमरेचा पट्टा बांधून नेते ती.

गोपाळकृष्ण: ते आम्ही मिळून करतो.

अस्मिता: आम्ही म्हणजे कोण?

गोपाळकृष्ण: आम्ही म्हणजे आम्ही. मी मंडईतून कापडी पिशवीत भाजी आणतो.

अस्मिता: पिशवी शिवते कोण, धुते कोण आणि निघताना तुमच्या हातात देते कोण? 'तापणारी पृथ्वी आणि आपण'. त्या 'आपण'मध्ये आई आहे की नाही, तेवढं एकदा श्रोत्यांना सांगा.

गोपाळकृष्ण: तू वाक्यं फार चांगली करतेस. तुझ्या घराचं काय? माणसं तीन आणि एसी चार. चौथा कुणासाठी आहे? कुत्र्यासाठी. बरोबर ना?

अस्मिता: हॉलमधला आहे तो.

गोपाळकृष्ण: कुत्रा हॉलमध्येच झोपतो. आणि मागच्या वर्षी तू आणि जावईबापू प्रज्ञेश विमानानं कुठे गेला होतात? हिमनद्या बघायला. मी विचारलं, का, तर म्हणालीस, 'वितळायच्या आत बघून घ्याव्यात.' मी हे व्याख्यानात सांगतो. नाव घेत नाही. लोक फार हसतात.

अस्मिता: घ्या नाव. माझं काही म्हणणं नाही. मी वाईट आहे, मला माहीत आहे. पण माझ्या वाईटपणात माझ्या सासूबाई रस्त्यावर पडल्या नाहीत.

गोपाळकृष्ण: कुसुम उन्हात का गेली, हा प्रश्न आहे. घरात पडदे ओले करून बसली असती तर काही झालं नसतं.

अस्मिता: पडदे. ठीक. तो बघा, आत्ता कडकडीत वाळलाय. भिजवा.

गोपाळकृष्ण: आत्ता?

अस्मिता: दर तासाला भिजवावा लागतो ना? आई दोन दिवस नव्हती. तेव्हापासून कोरडाच आहे तो. भिजवा ना. मी शंभूला म्हणते, तोवर चहा घ्या.

गोपाळकृष्ण: भिजवतो. त्यात काय आहे?

अस्मिता: हॅलो, शंभू? ... हो हो, थोडा वेळ लागेल. समोरच्या टपरीवर चहा घ्या, पैसे मी देते... नाही, रद्द नाही. आमच्याकडे सभा चालू आहे... काय झालं, बाबा? का थांबलात?

गोपाळकृष्ण: बादली कुठे असते? अशी बघू नकोस. पडद्याची वेगळी बादली आहे एक. निळी. ती नेहमीच्या जागी नाही.

अस्मिता: नेहमीची जागा कुठली?

गोपाळकृष्ण: असू दे. तांब्यानं करतो.

अस्मिता: तांब्यानं... बाबा, वरून ओता, वरून! सगळं पाणी सतरंजीवर चाललंय!

गोपाळकृष्ण: स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही.

अस्मिता: मग आई काय करते? चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढते? दर तासाला?

गोपाळकृष्ण: मी बघितलेलं नाही.

अस्मिता: हे मात्र एकदम खरं बोललात. आणखी एक तुम्ही बघितलेलं नाही. परवा ती कुठून येताना पडली?

गोपाळकृष्ण: प्राणायामाच्या वर्गाहून. देवळामागच्या हॉलमध्ये असतो. रोज दुपारी जेवण झालं की जाते. मी तिला म्हटलंही होतं की पोट भरल्यावर प्राणायाम कसला करता?

अस्मिता: तो वर्ग होळीपासून बंद आहे. शिकवणाऱ्या बाई मुलीकडे कॅनडाला गेल्यात.

गोपाळकृष्ण: काहीतरीच. ती रोज जाते. शनिवारीसुद्धा गेली.

अस्मिता: बँकेत जाते ती.

गोपाळकृष्ण: बँकेत? रोज? बँकेची सगळी कामं मी करतो.

अस्मिता: कामाला नाही जात. बसायला जाते. चौकातल्या बँकेत एसी आहे, खुर्च्या आहेत, प्यायला पाणी आहे. दुपारभर बसते आणि उन्हं कलली की घरी येते. परवा दुसरा शनिवार होता, हे विसरली. एवढ्या उन्हात गेली तर शटर बंद. परत फिरली आणि पायरी उतरून रस्त्यावर येतेय तोच कोसळली. एटीएमवरच्या वॉचमननं, रतननं, तिला उचलून रिक्षात घातलं आणि मला फोन केला. तुम्ही त्याला 'कोणीतरी भला माणूस' म्हणताय ना दोन दिवस? तो तिला रोज बघतो, त्यानंच मला हे सगळं सांगितलं. काकू म्हणतो.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

कुसुम: त्या खाली उभ्या असलेल्या माणसाला ताक दिलंत का कोणी?

अस्मिता: आई! कशाला उठलीस?

कुसुम: झोपू कशी? माझ्या नावानं सभा भरलीय आणि सतरंजीवर पाणी सांडल्याचा आवाज येतोय. अहो, तो तांब्या खाली ठेवा. बादली वॉशिंग मशीनच्या मागे आहे. आठ वर्षं तिथेच आहे.

गोपाळकृष्ण: कुसुम, ही काय म्हणतेय? तू रोज बँकेत जाऊन बसतेस?

कुसुम: रोज नाही. रविवारी बंद असते.

गोपाळकृष्ण: बसून करतेस काय?

कुसुम: बसते.

गोपाळकृष्ण: नुसती?

कुसुम: नुसतं बसू देत नाहीत. मॅनेजर बघायला लागतो. म्हणून आत गेल्या गेल्या यंत्रातून टोकन घेते. माझा नंबर जवळ आला की मागच्या कोणाला तरी देऊन टाकते आणि दुसरं घेते. लोक म्हणतात, काय भल्या बाई आहेत. मला कुणी उठवत नाही ना, म्हणजे झालं.

अस्मिता: आई, तू मला का नाही सांगितलंस? माझ्याकडे येऊन राहायचं.

कुसुम: तुझ्याकडचं नंतर बोलते. तू बस.

गोपाळकृष्ण: पण मला तू प्राणायाम म्हणून सांगितलंस. मी रोज विचारायचो, आज काय शिकवलं, आणि तू...

कुसुम: 'श्वास घ्यायला' म्हणायचे. त्यात खोटं काय आहे? दिवसात तेवढाच वेळ नीट घेता यायचा.

गोपाळकृष्ण: मला सांगायचं होतंस.

कुसुम: सांगितलं होतं. पाडव्याला. श्रीखंड वाढता वाढता म्हटलं, अहो, यंदा फार तापतंय हो, रात्रीसुद्धा स्लॅब निवत नाही. आठवतंय तुम्ही काय म्हणालात?

गोपाळकृष्ण: नाही.

कुसुम: म्हणालात, 'कुसुम, ही हवा. हवामान नव्हे. हवा रोजची असते, हवामान तीस वर्षांचं असतं. दोन्हींत गल्लत करू नये.' मग मी म्हटलं, ठीक आहे, हवामान होईल तेव्हा सांगू.

अस्मिता: बाबा!

गोपाळकृष्ण: ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

कुसुम: बरोबरच आहे. तुमचं चुकलेलं मी कधी ऐकलं नाही. ध्रुवावरचं अस्वल कसं हडकलं ते तुम्ही सांगता तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. पण त्याला निदान कुणी म्हणत नाही, की तुझं वितळतंय ती हवा आहे, हवामान नाही.

गोपाळकृष्ण: मी तुझ्याविषयी तसं... मी आकडेवारीविषयी बोलत होतो.

कुसुम: हो. मी घामाविषयी बोलत होते.

अस्मिता: झालं तर. शंभूला बोलावते वर.

कुसुम: थांब. तुझ्या बाबांनी तुला थंड रंगाचं सांगितलंय का?

गोपाळकृष्ण: त्याचा इथे काहीही संबंध नाही.

कुसुम: डोक्यावर आहे तो. संबंध नाही कसा?

अस्मिता: कसला थंड रंग?

गोपाळकृष्ण: बघ, तीच चूक. रंग थंड नसतो.

कुसुम: त्यांचं राहू दे, तू ऐक. मागच्या वर्षी याच सुमाराला आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं, अभयनं, फळ्यावर सूचना लावली. गच्चीवर गळती थांबवायला तो काळा डांबरी थर केलाय ना, त्याच्यावर पांढरा रंग मारायचा. ऊन परत फेकतो म्हणे. शेजारच्या बिल्डिंगवर मारलाय. तिथल्या वरच्या मजल्यावरची माणसं रात्री झोपतात.

अस्मिता: मग?

कुसुम: सगळ्यांना पसंत होतं. खालच्या मजल्यांनीसुद्धा हो म्हटलं, त्यांना काही फायदा नसताना. म्हणजे रंग कुणाच्या डोक्यावर लागणार होता? आपल्या. सभेत कुणाचीच हरकत नव्हती. फक्त एकजण उठून उभा राहिला.

अस्मिता: नाही. बाबा, नाही.

गोपाळकृष्ण: मी विरोध केला नव्हता! मी भाषेचा मुद्दा मांडला. सूचनेत लिहिलं होतं, 'गच्चीला थंड रंग लावणे'. रंगाला तापमान नसतं. बर्फ थंड असतो, ताक थंड असतं. चित्रकार एखाद्या रंगाला थंड म्हणतात, तो निळा. म्हणून मी विचारलं, गच्ची निळी करायची आहे का? ठरावात असा ढिसाळ शब्द गेला तर उद्या कंत्राटदार निळा रंग मारून जाईल आणि आपण काही म्हणू शकणार नाही.

कुसुम: लोक हसले. यांना वाटलं, जिंकलो.

गोपाळकृष्ण: मी नुसती नावं ठेवली नाहीत. पर्यायी शब्दही दिला. 'सूर्यप्रकाशपरावर्तक लेप.'

कुसुम: अभय म्हणाला, सर, एवढा शब्द कोटेशनवर मावत नाही.

गोपाळकृष्ण: मग मी म्हटलं, ठराव दुरुस्त करून पुढच्या सभेत आणा. इतकंच.

अस्मिता: आणि पुढच्या सभेत?

गोपाळकृष्ण: पुढच्या सभेत पार्किंगचा विषय होता.

कुसुम: त्याच्या पुढच्या सभेतही पार्किंगचाच होता. मग पाऊस आला, मग दिवाळी. मी अभयला दोनदा विचारलं. तो म्हणतो, काकू, सरांना शब्द पसंत पडला की लगेच लावतो. आता लिफ्टमध्ये जया भेटली की विचारते, 'काय कुसुमताई, निवला का तुमचा रंग?'

अस्मिता: म्हणजे हे छत आत्ता पांढरं असायला हवं होतं. या खोलीवरचं. आईच्या पलंगावरचं.

कुसुम: त्या रात्री सभेहून आल्यावर यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोण काय म्हणालं, हे काय म्हणाले, लोक कुठे हसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी वाढल्या.

गोपाळकृष्ण: तू तेव्हाच का नाही बोललीस?

कुसुम: तुम्ही इतके खूश होतात.

अस्मिता: आणि बाबा, पांढऱ्या छताचं तुम्हाला माहीत नव्हतं असं तरी म्हणा.

गोपाळकृष्ण: माहीत आहे. माझ्या व्याख्यानात स्लाइड आहे. शहरं ही उष्णतेची बेटं होतात, त्यावर उपाय. झाडं, मोकळी माती आणि... परावर्तक छपरं.

अस्मिता: लोक टाळ्या वाजवतात का त्या स्लाइडला?

गोपाळकृष्ण: फोटो काढून घेतात.

अस्मिता: उष्णतेचं बेट! त्या बेटावर आईला ठेवून तुम्ही कोथरूडला त्याचा फोटो दाखवताय. मला हसू का रडू कळत नाही.

कुसुम: काहीच नको करूस. तुझं काय वेगळं आहे? तुझ्याकडे राहायला यायचं म्हणतेस. मागच्या मेमध्ये आले होते. खिडकी उघडायची तर म्हणालीस, नको, थंडावा जाईल. तुमच्याकडे भर उन्हाळ्यात मी दुलई पांघरून झोपले. एसीमुळे दुलई लागते, दुलई आहे म्हणून एसी आणखी खाली. मला वाटलं, हे दोघं एकमेकांशी भांडताहेत आणि वीज आपली जातेय.

अस्मिता: मी तुझ्या बाजूनं बोलतेय, आई.

कुसुम: माझ्या बाजूनं बोलतेस की बाबांच्या विरुद्ध, हे तुझं तू बघ. दिवाळीला तू आम्हाला बांबूचे टूथब्रश दिलेस. पर्यावरणपूरक. चार ब्रश, प्रत्येक वेगळ्या खोक्यात, चार खोकी एका मोठ्या खोक्यात, मोठं खोकं प्लास्टिकात. ते प्लास्टिक मी धुऊन ठेवलंय. डाळीला होतं. आणि फोनवर रोज एकच विचारतेस, 'पाणी पितेस ना?' पीत होते मी पाणी. बँकेतलं.

अस्मिता: ...सॉरी.

कुसुम: बरं. आता माझं ऐका दोघांनी. मला फार वेळ उभं राहवत नाही.

गोपाळकृष्ण: बस ना. या खुर्चीत बस. ही पंख्याखाली आहे.

कुसुम: तो पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, पण बसते. अस्मिता, त्या शंभूला वर बोलाव. एसी आतल्या खोलीत लागेल, हॉलमध्ये नाही. दुपारपुरता चालेल, यंदाचा उन्हाळा. रिमोट माझ्याकडे राहील. तो कितीवर ठेवायचा हे मी ठरवीन, आणि कुणी मला त्यावर व्याख्यान द्यायचं नाही.

गोपाळकृष्ण: कुसुम, तुला त्रास व्हावा असं मला वाटत नाही. पण जयाबाईंच्या खिडकीवर त्याची गरम हवा...

कुसुम: ते तुमचं खरं आहे. मला कळतं ते. मी जयाला सांगून ठेवीन. म्हणून तर पुढचं बोलतेय. वरचं छत पांढरं झालं की तो डबा कमी चालेल. कदाचित पुढच्या वर्षी लागणारही नाही, बघू. तेव्हा अभयला तुमची हरकत मागे घेतल्याचं कळवा.

गोपाळकृष्ण: ठीक आहे. मी आजच पत्र लिहितो. सविस्तर.

कुसुम: पत्र नको. पत्रात तुम्ही व्याकरण घालाल. फोन करा.

गोपाळकृष्ण: आत्ता?

कुसुम: आत्ता. माझ्यासमोर.

अस्मिता: स्पीकरवर लावा, बाबा.

कुसुम: काही गरज नाही. त्यांचं ते बोलतील. तू खाली जा आणि त्या माणसाला घेऊन ये. जाताना फ्रिजमधलं ताक ने. आणि येताना तुझी गाडी उन्हात लावलीस की सावलीत बघ, सकाळी इंजिन चालू ठेवून फोनवर बोलत होतीस. मी गॅलरीतून बघत होते.

अस्मिता: गाडीत एसी... जाते.

गोपाळकृष्ण: पडदा आधी भिजवू का? निळ्या बादलीनं.

कुसुम: आधी फोन. मग पडदा. आणि स्टुलावर चढताना भिंतीला धरा, त्याचा एक पाय लंगडा आहे.

गोपाळकृष्ण: त्या स्टुलावर तू... बरं. करतो फोन. कुसुम, एक विचारू? तो शब्द मी बदलून सांगितला तर चालेल का? 'परावर्तक रंग' म्हणतो. तो बरोबरही आहे आणि लहानही आहे.

कुसुम: अभयनं जो लिहिला होता तोच म्हणायचा.

गोपाळकृष्ण: तो चूक आहे.

कुसुम: असू दे.

गोपाळकृष्ण: ...हॅलो, अभय? नमस्कार. मी पाचव्या मजल्यावरून गोपाळकृष्ण बोलतोय... हो, काल सोडलं घरी. आता बरी आहे. समोरच बसलीय... नाही नाही, टाकीच्या पाण्याचं नाही. पार्किंगचंही नाही. ते मागच्या वर्षीचं. तुम्ही गच्चीची एक सूचना लावली होती. त्यावर माझा एक आक्षेप होता... हो, आठवत असेलच. तो मी मागे घेतोय... नाही, चेष्टा नाही. बिनशर्त... नाही, नवीन मसुदा वगैरे काही नाही, तुमची होती तीच सूचना... कुठली म्हणजे? अहो, गच्चीला ते लावायचं होतं ना, ते ऊन परत पाठवणारं, परा...

कुसुम: अहो.

गोपाळकृष्ण: ...रंग. थंड रंग... काय? ऐकू नाही आलं?... थंड रंग म्हणालो, अभय. थंड... हो, हसा, हरकत नाही... तो कंत्राटदार अजून आहे ना?... पुढच्या आठवड्यात? अहो, पुढच्या आठवड्यात कशाला... आज नाही का होणार?